बाबा, यंदा मोगरी दुसऱ्याच्या हातात द्या

आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. रोज फोन होतो तरी हे पत्र कशाला असं आई म्हणेलच, पण फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं, ठेवू का" म्हणतात आणि मग आई स्वैपाकघरात जाऊन कुजबुजत खरं काय ते सांगते, म्हणून म्हटलं लिहूनच काढू एकदाचं. आई, हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस. गाळशील तू, माहितीये मला.

परवा तू सांगितलंस की बाबा सुभाष चौकातून भाजी घेऊन निघाले आणि आपली गल्लीच सापडेना, तासभर फिरत राहिले, शेवटी ओळखीचा एक पोरगा गाडीवर बसवून घरी घेऊन आला, आणि वर तुझ्यावरच चिडले की तूच मेथी नाही म्हणालीस म्हणून उशीर झाला. बाबा, शाळेच्या लॅबमधली एकूण एक परीक्षानळी कुठल्या कपाटात कुठल्या फळीवर आहे ते तुम्ही डोळे मिटून सांगायचात, लॅबच्या सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये कधी एक ओळ खोडलेली नाही तुमच्या, आणि तुम्हाला जुन्या जळगावात आपलं घर सापडू नये? मी त्या रात्री नीट जेवले नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं की "मला काय धाड भरलीये" आणि फारच मागे लागलं तर "कार्तिकी एकादशीचा रथ होऊन जाऊ दे मग बघू." बरं. रथाचं पुढे बोलते.

आमच्या कॉलेजात रविवारी शाळेतल्या पोरांसाठी लेक्चर असतं, या वेळी माझ्याकडे विजेचा शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे आला. तुमचा फॅरडे, बाबा. मी पाचवीत असताना मे महिन्यात बंद शाळेच्या लॅबमध्ये तुम्ही मला तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि वीज वाहिली की काटा हलवणारा गॅल्व्हानोमीटर जोडून दाखवलं होतं, आठवतं? पंखा बंद, बाहेर जळगावचं ऊन, आणि मी लोहचुंबक वेटोळ्यात ठेवून बघत बसले तर काटा ढिम्म. तुम्ही म्हणालात, नुसतं ठेवून काय होणार बेटा, हलव. हलवलं तर काटा असा उडाला की मी ओरडलेच. ते फॅरडेनं १७ ऑक्टोबर १८३१ ला केलं होतं, अगदी तसंच, वेटोळं आणि चुंबक. भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात ना, तिथे कोळसा जाळून वाफेवर शेवटी हेच करतात, वेटोळी आणि चुंबक एकमेकांजवळ फिरवत ठेवायचे, बस. त्याच्यावर आपला पंखा फिरतो, आणि नाही फिरला की बाबा महावितरणला शिव्या देतात.

तर लेक्चरसाठी मी त्याच्या आयुष्याबद्दल वाचायला घेतलं आणि दर दोन पानांनी तुम्ही दिसायला लागलात, खरंच सांगते.

लोहाराचा मुलगा. शाळा नावापुरती. चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडे कामाला लागला, सात वर्षं तिथे काढली आणि बांधायला आलेली पुस्तकंच वाचून शिकला. डेव्ही नावाचे तेव्हाचे मोठे शास्त्रज्ञ होते, त्यांची भाषणं ऐकून त्यानं नोट्स काढल्या, छान बांधल्या आणि त्यांनाच पाठवल्या, आणि १८१३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत लॅब असिस्टंट म्हणून लागला. लॅब असिस्टंट, बाबा! त्याच वर्षी डेव्हीसाहेब युरोपच्या दौऱ्यावर निघाले, फॅरडेला बरोबर नेलं, आणि साहेबांच्या बायकोनं त्याला पार गडी करून टाकलं. हे वाचताना मला आपल्या शाळेतले ते एक सर आठवले, प्रयोग तुम्ही मांडून द्यायचात, वर्गापुढे ते उभे राहायचे आणि मधेच "अरे, पाणी आण" म्हणायचे, तेही माझ्या वर्गासमोर. नाव नाही घेत. तुम्ही पाणी आणायचात. मला तेव्हा तुमचाच राग यायचा, त्यांचा नाही, हे आज लिहायला पण लाज वाटते.

लेक्चर संपल्यावर सातवीतली एक मुलगी उभी राहिली, म्हणाली मॅडम, एवढा मोठा सायंटिस्ट होता मग तो देव मानायचा का?

मानायचा. नुसता मानायचा नाही तर आपल्याकडच्या माळकऱ्यांसारखा पाळायचा. सँडेमनियन म्हणून एक छोटा ख्रिस्ती पंथ, पैसा साठवायचा नाही, थाटमाट नाही, रविवार म्हणजे दिवसभर प्रार्थना आणि मधल्या वेळात सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं. १८२१ च्या जूनमध्ये त्यानं त्याच पंथातल्या सारा बर्नार्डशी लग्न केलं, जुलैमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून पंथात रीतसर आला, आणि सप्टेंबरमध्ये वीज सोडलेली तार चुंबकाभोवती गोल गोल फिरवून दाखवली. मामाच्या केळीच्या मळ्यातली पाण्याची मोटर म्हणजे त्या तारेचीच पणती. एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात बायको, देव आणि मोटर! पुढे पंथातला वडीलधारा झाला, प्रवचनं करायचा, आजारी माणसांना भेटायला जायचा. स्वतःचं मूल नव्हतं, भाच्यांना घरात सांभाळलं. सर ही पदवी नको म्हणाला, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद दोनदा नको म्हणाला.

आणि १८५३ ची गंमत ऐका. तेव्हा लंडनात टेबल फिरवायचं वेड आलं होतं, लोक टेबलाभोवती हात टेकून बसायचे आणि टेबल आपोआप फिरायचं म्हणजे भुतं आली. या देवभोळ्या माणसानं एक साधी युक्ती बनवली आणि दाखवून दिलं की भूतबीत काही नाही, लोकांचेच हात त्यांच्या नकळत टेबल ढकलतायत. पेपरात पत्र लिहून छापून आणलं. आता सांगा, आपल्या गल्लीत तो बाबा मंत्रानं होम पेटवायला आला होता तेव्हा काय झालं होतं? गळ्यात तुळशीची माळ घालून तुम्ही दुसऱ्या दिवशी ओट्यावर पोटॅशियम परमँगनेटची पूड ठेवलीत, वरून ग्लिसरीन ओतलंत आणि काही न बोलता जाळ होईपर्यंत थांबलात. आजी केवढी चिडली होती, म्हणे देवाला गंध लावतो आणि साधूला उघडं पाडतो. तुम्ही म्हणालात, म्हणूनच.

त्या मुलीला मी फॅरडेचं उत्तर द्यायच्या ऐवजी हेच सांगत बसले. माझे बाबा असे असे, एकादशी चुकली नाही, जळगावात राहून चातुर्मासात वांग्याला हात लावत नाहीत (याच्यावर सगळी पोरं हसली, एक भुसावळचा होता तो जास्तच हसला). वीस मिनिटं गेली त्यात. विभागप्रमुख मागे बसून घड्याळ बघत होते.

हे सगळं मी कशासाठी सांगतेय ते तुम्हाला कळलं असेल. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, रथाच्या दिवशी, तुम्ही रथाच्या चाकाखाली सारायची लाकडी मोगरी खांद्यावर घेऊन निघालात तेव्हा मी दारात उभी राहून म्हटलं होतं, वर्षभर मुलांना फॅरडे दाखवता आणि आज लाकडाच्या गाडीपुढे धावता, कसं चालतं तुम्हाला? तुम्ही काही बोलला नाहीत. चप्पल काढून तशीच दाराशी ठेवलीत आणि अनवाणी गेलात. आईनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. मी अजूनही देव मानत नाही बाबा, ते खोटं नाही लिहिणार. पण डेडस्टॉकमध्ये फुटलेली एक काचनळी लपवायची नाही आणि एकादशीला चहासुद्धा विचारून प्यायचा, हे एकाच माणसाचं एकच वळण आहे, एवढं मला तेव्हा दिसलं नाही. चाळिशी आल्यावर दिसतंय.

आता रथ. जळगावचा श्रीरामाचा रथ, अप्पा महाराजांनी १८७२ ला सुरू केलेला, म्हणजे फॅरडे जाऊन पाच वर्षं झाली होती. एवढं प्रचंड लाकडी धूड, त्याला ना ब्रेक ना स्टिअरिंग, हजार माणसं दोर ओढतायत आणि सगळा भरवसा चाकाखाली मोगरी सारणाऱ्या चार-पाच जणांवर. एक क्षण उशीर झाला तर हात गेला. लहानपणी मला ती भक्ती वाटायची, आता फिजिक्स शिकवते म्हणून कळतं की ते किती अचूक काम आहे, कुठल्या कोनात, कधी, किती. आणि म्हणूनच सांगते, यंदा नको. ज्याला गल्ली सापडली नाही त्यानं चाकापाशी बसायचं नाही. चिडा. पण नको. भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या दर्ग्यापाशी रथ थांबतो ना, फुलांची चादर चढते, तिथे मी तुमच्यासाठी खुर्ची टाकते, तिथून बसून त्या पोरांवर ओरडा. त्यांना कोन कोण शिकवणार तुमच्याशिवाय?

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती. फॅरडेची आठवण चाळिशीच्या शेवटापासूनच दगा द्यायला लागली. कालचा प्रयोग आज आठवेना, डोकं गरगरायचं, १८४० च्या आसपास काम जवळजवळ बंद पडलं. मग १८४५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच माणसानं जाड काचेतून प्रकाश सोडून शोधून काढलं की चुंबकानं प्रकाशावरही परिणाम होतो. विसरायला लागल्यानंतर! कसं जमवलं म्हणाल तर वही. प्रत्येक प्रयोगाची नोंद, प्रत्येक नोंदीला नंबर, फसलेल्यालाही नंबर. शेवटची नोंद १८६२ ची, नंबर १६०४१. डोक्यावर भरवसा नाही तर कागदावर ठेवायचा, यात त्याला कमीपणा वाटला नाही. पुढे पुढे तेही जमेना, तेव्हा साराच होती. आई, त्या बाईबद्दल फार कमी लिहिलंय लोकांनी. बारा महिने त्याचा देव, त्याची लॅब, त्याचं डोकं सगळं तिनंच सांभाळलं आणि पुस्तकात तिला चार ओळी. तू तरी गुडघ्याचं औषध वेळेवर घेत जा.

मी दशमीला रात्रीच्या गाडीनं येतेय, चार दिवसांची रजा टाकलीये. द्वादशीला पारणं झालं की त्रयोदशीला सकाळी डॉक्टर, नंबर लावून ठेवलाय, मी बरोबर येणार, आणि रथ होऊन गेलेला असेल त्यामुळे सबब उरलेली नाही.

या पत्राबरोबर एक लांब वही पाठवतेय, लाल कापडी पुठ्ठ्याची, डेडस्टॉक रजिस्टरसारखीच मिळाली. रोज नंबर टाकून लिहायचं, भाजी काय आणली, कुठल्या वाटेनं गेलो, कोण भेटलं, काय विसरलं तेही. पहिली नोंद मी टाकलीये: "१. लेकीचं पत्र आलं." दोनपासून तुम्ही.

तुमची,
बेबी

ता.क. आई, भरताची वांगी आणून ठेव, माझ्यापुरती. आणि कळण्याची भाकर. बाबांचं चंपाषष्ठीला बघू.