लाइट-पाणी धरून भाडे

जळगाव,
12 मार्च

प्रिय सुनील,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र परवा मिळाले. जूनमध्ये बदली होऊन तू, वहिनी आणि मुले शहाद्याहून इकडे येणार हे वाचून फार आनंद झाला. भाडे साडेसात हजारांच्या आत असावे आणि लाइट-पाणी त्यातच धरलेले असावे, म्हणजे पगार झाल्यावर एकच रक्कम बाजूला काढली की महिना निश्चिंत, ही तुझी इच्छा मला पूर्ण समजते. सात वर्षांपूर्वी मीही हेच शोधत होतो. तरीही माझे मत असे आहे, की पाणी आणि मेंटेनन्स भाड्यात असू दे, वीज मात्र स्वतःच्या मीटरवरच घे.

माझ्या पहिल्या घरी तीन बिऱ्हाडे आणि मीटर एकच होते. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिली 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 पर्यंतची बरीच महाग आणि पुढे आणखी महाग. प्रत्येक बिऱ्हाडाने महिन्याला 90 युनिट वापरली, तर वेगळ्या मीटरवर तिन्ही घरे पहिल्याच टप्प्यात राहतात. पण एका मीटरवर तीच बेरीज 270 होते आणि त्यांतली 170 युनिट महाग दराने मोजली जातात. वापर कितीही असो, प्रत्येक मीटरवर दरमहा लागणारा स्थिर आकार तीनदा न पडता एकदाच पडतो हे खरे, पण तेवढ्याने ही तूट भरून निघत नाही. तो जास्तीचा पैसा मालक स्वतःच्या खिशातून भरत नाही, आधीच भाड्यात धरून ठेवतो.

त्यातून आपला खान्देशचा उन्हाळा. पारा 45 अंशांकडे जाऊ लागला की कूलर दुपारी लावायचा आणि पहाटेपर्यंत बंद करायचा नाही. 180 वॅटचा कूलर रोज चौदा तास चालला, तर महिन्याला साधारण 75 युनिट त्याचीच होतात. ‘लाइट भाड्यातच’ असे तोंडी सांगणाऱ्या माझ्या घरमालकांनी मे महिन्यात कूलरचे वेगळे पैसे मागितले, आणि मी कागद दाखवा म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून पाण्याची मोटर उशिरा सुरू होऊ लागली. घरात चार महिन्यांची मुलगी होती. ते दिवस मी विसरलेलो नाही, म्हणून तुला इतके बजावून लिहितो आहे.

पाण्याची गोष्ट निराळी आहे. शहराला वाघूर धरणातून पाणी मिळते, पण नळ रोज येत नाही. त्यामुळे खालची टाकी किती मोठी आहे, बोअर उन्हाळ्यात टिकतो का, मोटर कोणाच्या मीटरवर आहे आणि टँकर मागवावा लागला तर खर्च कोणाचा, हे चारही प्रश्न घर पाहतानाच विचार. कूलरही पाणी पितो हे वहिनींना सांगायला नको. ही सगळी व्यवस्था एकट्या भाडेकरूला करता येत नाही, म्हणून ती मालकाकडेच, भाड्यात धरून, असलेली बरी.

करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी करूनच घे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लेखी करार नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तरी तेवढ्यावर विसंबू नकोस. भाड्यात काय आहे आणि काय नाही हे करारात शब्दाशब्दाने लिहून घे. सबमीटर, म्हणजे मालकाच्या मुख्य मीटरमागे आपला वापर मोजायला लावलेले वेगळे मीटर, असेल तर राहायला जाण्याच्या दिवशीचे रीडिंग दोघांच्या सह्यांनी लिहून ठेव आणि युनिटचा दरही आधीच ठरव.

महाबळ भागात एक वन बीएचके माझ्या पाहण्यात आला आहे. सात हजार भाडे, पाणी धरून, मीटर स्वतंत्र. डिपॉझिट किती ते अजून बोललो नाही. रविवारी पुन्हा जाऊन टाकी पाहतो आणि मागच्या मे महिन्याच्या बिलाची प्रत मागून घेतो. बिलावर मागील महिन्यांचा वापरही छापलेला असतो. तोपर्यंत कोणालाही बयाणा देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
मनोज