‘चिमूटभर’ म्हणजे नक्की किती?

आदरणीय संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत पायाला इन्फेक्शन झालं, चिघळलं तर काय करावं याबद्दलची एक छोटी चौकट आली होती, तिच्यात एक ओळ होती की कोमट पाण्यात चिमूटभर पोटॅशियम परमँगनेट टाकून त्यात पाय बुडवून ठेवा. बाकी सगळं ठीक होतं पण त्या ‘चिमूटभर’ शब्दावर माझी नजर अडकली ती अडकलीच. मी बरीच वर्षं स्किन वॉर्डमधे नर्स होते, हे जांभळं औषध रोज हाताळलंय, त्याचा गुण पण बघितलाय आणि त्याने झालेल्या जखमा पण स्वतः ड्रेस केल्यात, म्हणून हे पत्र लिहितेय.

पहिल्यांदा हे सांगते की औषध वाईट नाही. पाणी सुटणारा, ओला एक्झिमा असेल तर अजूनही स्किनचे डॉक्टर हे लिहून देतात, आम्ही वॉर्डमधे त्याला काँडीज म्हणायचो, कारण १९ व्या शतकात लंडनच्या हेन्री बोलमन काँडी नावाच्या माणसाने जंतुनाशक म्हणून हे बाजारात आणलं होतं. पाणी सुटणारी त्वचा याने सुकते, वास जातो, जंतू मरतात. पण ते कसे मरतात हे समजून घ्या म्हणजे माझी काळजी कळेल. हा पदार्थ जोरदार ऑक्सिडायझर आहे, समोर जे काही सेंद्रिय येईल त्याला तो जाळतो म्हटलं तरी चालेल, मग ते जंतूचं आवरण असो की तुमच्या पायाची कातडी. त्याला फरक कळत नाही. फरक करायचा तो फक्त पाण्याने, म्हणजे किती पातळ केलंय त्याने.

आता माप. त्वचेसाठी नेहमी वापरतात ते प्रमाण १ भागाला १०,००० भाग पाणी, म्हणजे १ ग्रॅमला १० लिटर, म्हणजेच एका लिटरला फक्त १०० मिलिग्रॅम. आता चिमूट घ्या. वॉर्डच्या शेजारी लॅब होती, तिथल्या बारीक वजनाच्या काट्यावर मी एकदा मुद्दाम ग्लोव्ह घालून तीन वेळा चिमूट घेऊन बघितली होती, एकदा पाव ग्रॅमच्या आसपास आली, एकदा अर्ध्या ग्रॅमच्या वर गेली आणि तिसऱ्यांदा त्या दोन्हीच्या मधे कुठेतरी, आणि हात तोच माझा. म्हणजे कोणी दोन लिटरच्या छोट्या टबात अशी अर्ध्या ग्रॅमची चिमूट टाकली तर पाणी हवं त्याच्या अडीचपट कडक झालं. दुसऱ्याचं बोट जाड असेल, स्फटिक मोठे असतील तर अजून जास्त. चिमूट हे स्वयंपाकघरातलं माप आहे, तिथेच शोभतं.

लोक म्हणतात रंगावरून कळतं की. नाही कळत हो! तेच १ ला १०,००० चं पाणी पांढऱ्या चमच्यात घेतलं तर छान गुलाबी दिसतं आणि टबात खोल दिसतं तेव्हा जांभळं, आणि टब निळा असेल किंवा पिवळा दिवा लागलेला असेल तर विचारूच नका. त्यामुळे रंगाचा उपयोग एवढाच की शंका आली तर अजून पाणी घालायचं, अंदाज चुकलाच तर फिक्याकडे चुकू दे. खरी पद्धत म्हणजे वजन केलेलं औषध. ४०० मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी मिळते, ती ४ लिटर पाण्यात टाकली की बरोबर हेच प्रमाण होतं. सुटे स्फटिकच मिळाले असतील तर फार्मसिस्टकडून १-१ ग्रॅमच्या पुड्या वजन करून घ्या, आणि घरी एक पुडी १ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून मग त्यातला एक मग द्रावण आणि नऊ मग साधं पाणी असं करा, म्हणजे गणित पण सोपं आणि स्फटिक पण राहत नाहीत. उरलेलं कडक द्रावण मात्र ठेवून द्यायचं नाही, भरपूर पाण्याने पातळ करून ओतून टाका.

स्फटिक राहण्याचं मी वेगळं सांगते, कारण तेच मी सगळ्यात जवळून बघितलंय. एका पेशंटचे दोन्ही पाय टबात ठेवलेले होते आणि पाणी फिकं वाटतंय म्हणून नवीन आलेल्या मदतनीसाने वरून थेट अजून थोडे दाणे टाकले, पाय आत असतानाच. दाणे तळाशी गेले, त्यांच्याभोवती गडद जांभळ्या रंगाचा थर धरला आणि ते तिथेच हळूहळू विरघळत बसले, त्यातला एक बरोबर करंगळीच्या बेचक्यात. पेशंटला डायबेटीस होता, पायाला संवेदना कमी, त्यामुळे काहीच बोलले नाहीत बिचारे. पाय पुसताना मला टाचणीच्या डोक्याएवढा काळपट ठिपका दिसला, वाटलं डाग आहे, पुसला तर जाईना, दोन दिवसांनी तिथली कातडी निघाली आणि खाली खड्डा. तो भरायला कित्येक आठवडे लागले. पेशंट आला होता एक्झिमासाठी आणि गेला जखम घेऊन. त्या दिवसापासून माझा नियम झाला, आधी वेगळ्या भांड्यात विरघळवायचं, ढवळायचं, थोडं थांबायचं आणि मग वरचं वरचं टबात ओतून भांड्याचा तळ बघायचा. एक जरी दाणा दिसला तरी परत. पाय त्यानंतरच.

पाय ठेवायचे १०-१५ मिनिटं, तासभर नाही. नखांना आधी व्हॅसलिन लावलं तर ती तपकिरी होत नाहीत. पाणी तपकिरी झालं म्हणजे त्याचा जोर संपला, ते टाकून द्यायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. आणि त्वचा सुकली की बंद, कारण सुकलेल्या त्वचेवर चालू ठेवलं तर तीच तडकते.

आता पोटात जाण्याबद्दल. हे वाचून कुणाला वाटेल की कोण पितंय, पण होतं असं. गोळी गोळीसारखी दिसते, आणि औषध म्हणून हातात आली की माणूस ती तोंडात टाकतो, किंवा पाणी कपात करून ठेवलं तर दुसराच कोणीतरी पिऊन जातो. ब्रिटनच्या आरोग्यसेवेला २०२२ मधे याच चुकीवर देशभर सेफ्टी अलर्ट काढावा लागला, तोही तिथे २०१४ मधे एकदा इशारा देऊन झाल्यावर. म्हणजे शिकलेल्या नर्सच्या हातून, हॉस्पिटलमधे पण हे घडतं. गोळी किंवा स्फटिक गिळले तर तोंड, घसा, अन्ननलिका भाजते, घशाला सूज येऊन श्वास अडकू शकतो, नंतर लिव्हर किडनीवर जाऊ शकतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद पण कमी होऊ शकते, जीव जाऊ शकतो. असं झालं तर उलटी करायला लावू नका, जे वर येतं ते परत भाजत येतं. तोंड धुवून थुंकायला लावा आणि पाकीट सोबत घेऊन लगेच हॉस्पिटल गाठा, दुखत नाहीये म्हणून वाट बघत बसू नका. माझं तर म्हणणं आहे की हे औषध प्यायच्या भांड्यात कधी बनवूच नये आणि तोंडाने घ्यायच्या गोळ्यांच्या डब्यात तर मुळीच ठेवू नये.

डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, लेन्स असेल तर काढायची आणि वाहत्या स्वच्छ पाण्याने १५-२० मिनिटं धुवत राहायचं, मग डॉक्टर. पुडी उघडताना जोरात फाडू नका, बारीक पूड उडून नाकाडोळ्यात जाते. साप चावल्यावर जखमेत हे भरायची एक जुनी समजूत आहे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी डॉक्टर पण ते करायचे, पण विष त्याने उतरत नाही, उलट तिथलं मांस जळतं. तसंच बायकांनी गर्भ पाडायला म्हणून हे आत ठेवण्याचे प्रकार झालेत, त्याने गर्भ पडत नाही, आत जखमा होऊन भयंकर रक्तस्राव होतो. हे लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण याने बायका मरणाच्या दारात गेल्यात.

राहिली आग. फर्स्ट एडच्या कपाटात परमँगनेटशेजारी ग्लिसरीनची बाटली ठेवलेली मी अनेकदा बघितलीय. ही दोन एकत्र आली की पेट घेतात, काडी लागत नाही. आणि लगेच घेत नाहीत हे जास्त वाईट, बराच वेळ काहीच होत नाही, माणूस वाकून बघतो आणि तेवढ्यात धूर आणि जांभळट ज्वाळा. स्पिरिट, कापूस, कागद, लाकडाचा भुसा यांच्यापासून पण लांबच पाहिजे. दाणे सांडले तर कोरड्या कापसाने किंवा टिश्यूने गोळा करून डस्टबिनमधे टाकू नका, ग्लोव्ह घालून भरपूर पाण्याने पातळ करून धुवा. ॲसिडवाल्या टॉयलेट क्लीनरशी गाठ पडली तर क्लोरीन गॅस निघतो, हायड्रोजन पेरॉक्साईडमधे पडलं तर जोरात फसफसून अंगावर उडतं. उरलेले स्फटिक तळ्यात, नाल्यात फेकायचे नाहीत, मासे आणि पाण्यातले जीव याने मरतात, फार्मसीत विचारून द्या.

तर माझी विनंती अशी की पुढच्या पुरवणीत त्याच जागी, त्याच टाईपमधे दुरुस्ती छापा. १ ग्रॅमला १० लिटर किंवा ४०० मिलिग्रॅमच्या एका गोळीला ४ लिटर, पूर्ण विरघळवून मगच, डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच, आणि प्यायचं नाही. जागा कमी असेल तर माझं बाकीचं पत्र कापा, पण या आकड्यांमधलं शून्य इकडचं तिकडे होऊ देऊ नका. आणि ज्यांनी चौकट वाचून आधीच पुडी आणून कपाटात ठेवलीय त्यांनी आज रात्रीच तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात ‘पोटात घ्यायचं नाही’ असं लिहावं आणि ग्लिसरीन दुसऱ्या खणात हलवावं.

आपली,
एक निवृत्त नर्स