चांदीचे रिपोर्ट

नागपूर,
तान्हा पोळा, संध्याकाळ

प्रिय बंड्या,

तुझं पाकीट परवा मिळालं. रिपोर्टच्या झेरॉक्स, त्यावर तुझी लाल शाई, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'यातलं कोण खोटं बोलतंय ते सांग बावा.' फोन केला असता, पण फोनवर तू अर्धंच ऐकतोस आणि उरलेल्या वेळात मला आर्वीला जेवायला बोलावतोस. म्हणून लिहायला बसलो.

सकाळी धाकट्याला खांद्यावर घेऊन इतवारीत मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला गेलो होतो. पोट्टे घसा फाडून ओरडत होते, 'रोगराई घेऊन जा गे मारबत!' मीही तुझ्या गोठ्याच्या नावानं एक आरोळी ठोकली. पोराला वाटलं बाप येडा झाला.

आधी चांदीबद्दल. खाते, पिते, रवंथ करते, ताप नाही, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. शेण पिचकारीसारखं, आणि आता जबड्याखाली पाणी उतरलंय. जंताचं औषध दोनदा, अँटिबायोटिकचे कोर्स तीन, डाळिंबाची साल एकदा (ती वहिनींची असणार). दोन दिवस थांबतं, पुन्हा सुरू. रिपोर्ट उघडायच्या आधीच मला जोनीज आठवला, क्षयाच्या जिवाणूच्या भाऊबंदानं होणारा आतड्याचा रोग. तू व्हेटर्नरी कॉलेज सोडलंस त्याच्या आदल्या महिन्यात सरांनी पोस्टमॉर्टेमला एका गायीचं आतडं दाखवलं होतं. लहान आतड्याचा शेवटचा भाग, आतला थर जाड झालेला, मेंदूसारख्या वळ्या पडलेल्या. त्या रात्री सावजीकडे वजडी मागवली आणि तू हात लावला नाहीस. तोच हा रोग. भिंत अशी जाड झाली की अन्न शोषलं जात नाही, उलट रक्तातली प्रथिनं आतड्यात झिरपून जातात. जबड्याखालचं पाणी त्यामुळेच.

आता तुझी लाल शाई. रिपोर्टवर 'आयएस९०० पॉझिटिव्ह' आहे आणि त्याखाली त्या लॅबवाल्यानं 'व्हिरुलन्स जनुक आढळले' असं ठोकून दिलंय. व्हिरुलन्स म्हणजे रोग घडवायची ताकद. तू घाबरलास ते या शब्दाला. त्यानं हे लिहायला नको होतं. आयएस९०० रोग घडवत नाही. तो या जिवाणूच्या डीएनएत जागोजागी चिकटलेला १४५१ अक्षरांचा एक तुकडा आहे. १९८९ मध्ये तो सापडला आणि निदानवाल्यांच्या हाती घबाड लागलं, कारण एकाच जिवाणूत त्याच्या पंधरा-वीस प्रती असतात. २००५ मध्ये के-१० या स्ट्रेनचा सगळा जीनोम वाचला, त्यात १७ निघाल्या. एकाच माणसानं गावभर सतरा भिंतींवर नाव लिहून ठेवावं, तसं. नाव सापडणं सोपं, पण नाव लिहिणं हा गुन्हा नव्हे. शिवाय त्याच्याशी मिळतेजुळते तुकडे मातीतल्या दुसऱ्या मायकोबॅक्टेरियांतही, म्हणजे याच्याच भाऊबंदांत, आढळलेत. म्हणून चांगली लॅब एफ५७ सारखा दुसरा तुकडा तपासून खात्री करते. तुझ्या रिपोर्टवर तो नाही.

खरी व्हिरुलन्सची जनुकं वेगळी, आणि या जिवाणूची गंमत अशी की त्याच्याकडे धनुर्वाताच्या जिवाणूसारखं विष नाही. त्याची सगळी हुशारी लपण्यात. वासराच्या आतड्यात तो शिरतो, तिथे मॅक्रोफेज त्याला गिळतात. जंतू गिळून पचवायचे हेच त्या पेशींचं काम. पण हा आत जाऊन पचवणारी पिशवी जवळ येऊच देत नाही. पीकेएनजी आणि पीटीपीए ही जनुकं त्या कामाशी जोडलेली. चौकीतल्याच खोलीत चोरानं भाड्यानं राहावं, अशी गत. वर्षानुवर्षं राहतो. वासरू पहिल्या काही महिन्यांत लागण घेतं आणि हगायला लागतं ते दोन ते पाच वर्षांनी, बहुधा विल्यावर.

एक जनुक मात्र त्याचं मोडकं आहे, त्यावर माझा विशेष जीव. एमबीटीए. लोह ओढून घ्यायला इतर मायकोबॅक्टेरिया मायकोबॅक्टिन नावाचा पदार्थ स्वतः बनवतात. याचं ते जनुक तुटकं, त्यामुळे लॅबच्या बाटलीत तो उधारीवर जगतो. १८९५ मध्ये ड्रेस्डेनला योहने आणि फ्रॉदिंगहॅम यांना गायीच्या आतड्यात हे जिवाणू दिसले, पण त्यांना ती गायीच्या क्षयाचीच एक तऱ्हा वाटली. १९०६ मध्ये डेन्मार्कच्या बांग या पशुवैद्यानं हा रोग वेगळा असल्याचं दाखवलं. वाढवायला मात्र १९१२ उजाडलं. ट्वॉर्ट आणि इन्ग्रॅम यांनी खाद्यात दुसऱ्या मेलेल्या मायकोबॅक्टेरियांचा अर्क घातला, तेव्हा कुठे हा रुजला. याला कारण ते मोडकं जनुक, हे जवळपास शतकानं कळलं! आजही आमच्या लॅबमध्ये आम्ही अंड्याच्या बलकाच्या खाद्यात मायकोबॅक्टिन घालतो आणि आठ ते सोळा आठवडे वाट बघतो. चांदीच्या शेणातले जिवाणू मी जूनमध्ये वाढायला लावलेत. बाटल्यांवर अजून काही नाही. चिडू नको, त्याच्या एकाचे दोन व्हायलाच दिवसाहून जास्त लागतो.

आता कोण खोटं बोलतंय. कोणीच नाही.

चांदी: शेणात जिवाणूचा डीएनए शोधणारा पीसीआर पॉझिटिव्ह, रक्तात अँटिबॉडी शोधणारी एलायझा पॉझिटिव्ह, वर लक्षणं. इथे प्रश्न संपला. तिच्या शेजारची तांबडी धट्टीकट्टी, दूध देते, पण शेणाचा पीसीआर पॉझिटिव्ह आणि एलायझा निगेटिव्ह. यावरून तू लॅबला शिव्या दिल्यास. अरे, दोघींची गव्हाण एक, पाण्याची टाकी एक. चांदीच्या शेणाचे शिंतोडे उडालेलं कुटार तांबडीनं खाल्लं की ते जिवाणू नुसते इकडून तिकडे जातात आणि शेणात दिसतात. कदाचित तिला लागण असेलही. चांदीला दूर बांध, तांबडीचं कुटार-पाणी वेगळं कर, आणि काही आठवड्यांनी थेट गुदद्वारातून शेण काढून पाठव. जमिनीवरचं उचललेलं नको. बर्फात ठेव. मागच्या वेळी तू एसटीनं पाठवलेली बरणी इथे पोचेपर्यंत चुलीवरून उतरवल्यासारखी झाली होती.

आणि राणी. चांदीची कालवड. तिच्या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह, आणि तिच्यापुढे तू हिरव्या शाईनं फूल काढलंयस.

बंड्या, मला काळजी त्या फुलाचीच आहे. राणी चांदीचा चीक प्यायली, सहा महिने तिच्या शेणात लोळली. रोगी गायीच्या पोटातच वासराला लागण होऊ शकते, ते वेगळंच. आज ती दीड वर्षाची. या वयात लागण असली तरी शेणात जिवाणू क्वचितच पडतात, रक्तात अँटिबॉडी अजून तयार नसतात, स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर शेण रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर, जिवाणूंचे गुलाबी झुपके दिसायचा प्रश्नच नाही. आपल्या सगळ्या तपासण्या या रोगाच्या म्हातारपणी हुशार होतात. तरुणपणी आंधळ्या.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या गवळ्याच्या कालवडींचं शेण मी स्मिअर करून पाहिलं, काही दिसलं नाही, आणि छातीठोकपणे म्हणालो, 'काका, गोठा साफ आहे.' त्यानं त्या भरवशावर तिन्ही ठेवल्या, वाढवल्या. दुसऱ्या वेताला एकेक करून तिन्ही खंगल्या. काकांनी मला शब्दानं बोल लावला नाही. पुढच्या वेळी नमुना घ्यायला गेलो तर चहा दिला. तो चहा मला अजून उतरत नाही.

परदेशी पुस्तकात उपाय एका ओळीत असतो: तपासा आणि काढून टाका. आपल्याकडे १९७६ च्या कायद्यानं गाय कापता येत नाही, २०१५ च्या दुरुस्तीनं बैल-वळूही त्यात आले. त्यावर वाद घालायचा नाहीये. पण त्यामुळे पॉझिटिव्ह गाय कुठे तरी राहतेच. तुझ्या दावणीला, गोरक्षणात, नाही तर पुढच्या बाजारात दुसऱ्याच्या गळ्यात. चांदी तुझ्याकडे तशीच आली असणार. तू तिला विकणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी लिहितो: विकू नको. औषधावर आता पैसा घालू नको, हा बरा होत नाही. तिला मागच्या पडवीत बांध, तिचं शेण वैरणीच्या वावरात टाकू नको. जिवाणू मातीत वर्षभर तग धरतात.

यापुढे वासरू पडलं की लगेच आईपासून कोरड्या जागी हलव. चीक मात्र हवाच, तो निगेटिव्ह गायीचा, कास धुऊन काढलेला. उकळायचा विचार करू नको, उकळला तर खरवस होतो आणि त्यातल्या अँटिबॉडी वाया जातात. खरवस तू खा. घरचं दूध उकळूनच प्या. माणसाच्या आतड्याच्या क्रोन आजाराशी या जिवाणूचं नातं लावतात. ते सिद्ध झालेलं नाही, पण दूध उकळायला सिद्धता कशाला लागते?

दोन वर्षांवरच्या सगळ्या जनावरांची एलायझा दरवर्षी करू. किटचं मी बघतो.

राणीला तू या हिवाळ्यात गाभण करणार म्हणतोस. अजून केली नसशील तर थांब, आणि मला दोन गोष्टी कळव: ती कोणत्या महिन्यात जन्मली, आणि तेव्हा चांदी हगत होती की नाही. आईंना विचार, त्यांना गोठ्यातलं सगळं तिथीनिशी आठवतं.

वहिनींना नमस्कार. डाळिंबाच्या सालीबद्दल मी काही म्हणालो हे सांगू नको.

तुझा,
दिन्या