सोनू, एमआरआय कधी आहे?

२२ जानेवारी २०२५

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू 'हो आई, बघतो' म्हणून गुडघ्याचा विषय संपवतोस, म्हणून लिहायला बसले. पूर्ण वाच, मधल्या ओळी गाळू नकोस.

परवाची कॉलेज फुटबॉलची (अमेरिकन फुटबॉल) फायनल आम्ही दोघांनी शेवटपर्यंत बघितली. ओहायो स्टेट ३४, नोट्र डेम २३. बाबांचं दर दहा मिनिटांनी एकच पालुपद: "बघ, आपल्याला हरवणारे दोघंच इथवर आले." अख्ख्या सीझनमध्ये आपली इंडियाना युनिव्हर्सिटी दोनदाच हरली आणि ती याच दोघांकडून, यात त्यांना इतका आनंद की जणू ट्रॉफी आपल्याच घरी आली. मला तेवढा नाही झाला. ११ जिंकले, २ हरले, हे सोन्यासारखं आहेच. पण ज्या मिशिगन आणि वॉशिंग्टनला आपण हरवलं, ते आदल्या वर्षीचे फायनलिस्ट असले तरी यंदा त्यांचं नावच मोठं राहिलं होतं, दोघांचेही कोच आणि क्वार्टरबॅक (चेंडू फेकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू) बदललेले. तुझा परड्यूचा मित्र म्हणतो ना, "तुम्ही तगड्या कुणाला हरवलंत?" त्यात थोडं तथ्य आहे. फक्त आपल्याकडून ६६-० खाल्लेल्या परड्यूवाल्यांनी ते बोलू नये!

तरी खरं सांगते, या टीमने वेड लावलं. २०२३ मध्ये आपले ३ विजय आणि ९ पराभव. बास्केटबॉलच्या या राज्यात फुटबॉल म्हणजे पार्किंगमध्ये बर्गर भाजायचं निमित्त. हाफटाइमला गेलेली पोरं परत आत यायचीच नाहीत. मग नवे कोच सिग्नेटी आले, साठी ओलांडलेले, चेहऱ्यावर हसू औषधाला नाही. पोरांना इथे यायला कसं तयार करता, असं विचारल्यावर म्हणाले, "सोपं आहे. मी जिंकतो. गूगल करा." मला तेव्हा हा माणूस आगाऊ वाटला होता. पण आधीच्या जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीहून स्वतःचे १३ खेळाडू घेऊन आले आणि सलग १० सामने जिंकून दाखवले. इंडियानाच्या फुटबॉलच्या इतिहासात एका सीझनमध्ये १० विजय त्याआधी कधीच नव्हते.

नेब्रास्काच्या सामन्याला आपण तिघं एकत्र होतो, आठवतं? १९ ऑक्टोबर, ५६-७. हाफटाइमनंतर आपला क्वार्टरबॅक रूर्क मैदानात उतरलाच नाही, उजव्या अंगठ्याला लागलं होतं. घरी येताना गाडीत मी तुम्हाला अंगठ्याच्या सांध्यावर व्याख्यान दिलं, चेंडूवरची पकड कशी सुटते वगैरे. पुढचा वॉशिंग्टनचा सामना त्याने सोडला, मिशिगन स्टेटला परत आला. सगळ्या ब्लूमिंग्टनला त्याच्या अंगठ्याची काळजी, आणि फाटलेला होता गुडघा!

उजवा एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून धरून ठेवणारा लिगामेंट. ऑगस्टच्या सरावातच गेलेला. या महिन्यात ऑपरेशन झालं तेव्हा बातमी फुटली, आणि ती तू मला कौतुकाने पाठवलीस: "आई, हा बघ खरा मर्द. २९ टचडाउन, एसीएलशिवाय."

वाचून मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझा धंदाच गुडघ्यांचा आहे. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा सगळा रेटा मागच्या, म्हणजे उजव्याच पायातून येतो. पाय रोवायचा, त्यावर वळायचं, आणि समोरून सव्वाशे किलोची माणसं अंगावर येतात. कोलंबसला, त्यांच्या घरच्या मैदानावर, ओहायो स्टेटने त्याला पाच वेळा आडवा केला. त्या दिवशी त्याच्या पासेसचे जेमतेम ६८ यार्ड झाले. गुडघ्यामुळे हरलो असं मी म्हणत नाही, त्यांचा बचाव तसाच होता. पण ते पाचही सॅक मी आता पुन्हा बघू शकत नाही.

आणि मुद्दा हा की रूर्कने काय केलं ते तू अर्धंच वाचलंस. त्याचा एसीएल २०२२ मध्ये ओहायो विद्यापीठातही (हे ओहायो स्टेटहून वेगळं) फाटला होता, ऑपरेशन आणि नंतरचे महिने कसे असतात हे त्याला ठाऊक होतं. काय फाटलंय हे कळल्यावर, कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे हे जाणून, त्याने खेळायचं ठरवलं. पाठीशी टीमचे डॉक्टर, फिजिओ. पळून यार्ड काढणाऱ्यांतला तो नव्हताच. उभ्या जागेवरून चेंडू झटकन सोडायचा, म्हणून निभावलं.

तुझं काय आहे? डॉर्मच्या फ्लॅग फुटबॉलमध्ये वळताना 'टक्' आवाज झाला, संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला, आणि आता जिना उतरताना पाय निसटल्यासारखा वाटतो. हे तूच सांगितलंस, तेही बाबांना, मला नाही. या तीन गोष्टी एकत्र ऐकल्या की मी पेशंटला घरी पाठवत नाही. मिरजेला शिकताना तालमीतले पैलवान यायचे, 'लचकलंय, बसेल' म्हणत वर्षभर तेल चोळून. तोवर एसीएलच्या जोडीला मेनिस्कसचीही, म्हणजे गुडघ्यातल्या गादीचीही, चाळण झालेली असायची. एकट्या लिगामेंटचं बघता येतं, पण गादी फाटत गेली की चाळिशीत रडवते.

तेव्हा या आठवड्यात स्टुडंट हेल्थ सेंटरला जा. तिथे 'पॉपचा आवाज, त्याच दिवशी सूज, पाय दगा देतो' असं याच क्रमाने सांग आणि एमआरआयसाठी पुढे पाठवायला सांग. बर्फ लावून बघा म्हणाले तर तिथूनच मला फोन लाव, मी बोलते. इन्शुरन्स कार्डाचा फोटो बाबांनी पाठवलाय. नुसता रिपोर्ट आणू नकोस, इमेजेसही मागून घे, मला स्वतःला बघायच्या आहेत. तोवर खेळ बंद, बर्फात चालताना जपून, आणि कॅम्पसच्या बसने जा, लाजू नकोस.

शनिवारी आम्ही येतोय. काय आणू ते कळव.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतायत, पुढच्या सीझनची तिकिटं आताच काढू. मी म्हटलं, आधी पोराची अपॉइंटमेंट, मग तिकिटं.