पुराच्या पंचनाम्याला रडारचा नकाशा जोडा: मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: पूरबाधित पिकांच्या पंचनाम्यात रडार उपग्रहांच्या प्रतिमा पुरावा म्हणून धरण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी शिरोळ तालुक्यातला. घरचा ऊस कृष्णेच्या मळीत, म्हणजे काठच्या गाळाच्या रानात आहे आणि माझं पोटापाण्याचं काम उपग्रहांच्या प्रतिमा वाचण्याचं. पुराचं पाणी कुठल्या गटात शिरलं होतं याचा पुरावा सरकारजवळ पूर चालू असतानाच जमा होत असतो. पंचनामा मात्र पाणी उतरल्यावर, चिखल वाळू लागल्यावर, बांधावर उभं राहून आणि विचारपूस करून होतो. हे दोन कागद एकमेकांना भेटत नाहीत, एवढीच माझी तक्रार आहे.

ऑगस्ट २०१९ चा पूर आपल्या लक्षात असेलच. सांगलीला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णा ५७ च्या वर गेली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या पुढे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच गत. पाऊस राधानगरीत पडतो आणि पाणी शिरोळात येतं, त्यामुळे आमच्या मंडळातला पर्जन्यमापक आमच्या पुराबद्दल फारसं काही सांगत नाही. आभाळ तर त्या दिवसांत फाटलेलंच होतं. साध्या कॅमेऱ्याचे उपग्रह डोक्यावरून गेले, पण त्यांच्या हाती ढगांखेरीज काही लागलं नाही.

रडारला ढगांची आणि अंधाराची अडचण नसते. ते स्वतःच लहरी सोडतं आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतं. युरोपचा सेंटिनल-१ हा रडार उपग्रह आपल्याकडे पहाटे सहाच्या किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास जातो. २०१९ मधल्या त्याच्या प्रतिमा आजही कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. रडार सरळ खाली पाहत नाही, तिरकं पाहतं. तिरक्या धरलेल्या आरशावर बॅटरी मारली तर उजेड पलीकडे निघून जातो, तशी संथ पाण्यावर पडलेली लहर पुढे निघून जाते आणि प्रतिमेत ती जागा काळी उमटते. ढेकळांची रानं, झाडी, पिकं थोडीफार लहर परत पाठवतात, म्हणून ती करडी दिसतात. गावठाणातल्या भिंती पांढऱ्याफेक. इतका तपशील मिळवायला खरं तर काही किलोमीटर लांबीचा अँटेना लागला असता. उपग्रह पुढे सरकताना गोळा केलेले प्रतिध्वनी जोडून तो गणिताने उभा केला जातो. ही युक्ती अमेरिकेतल्या कार्ल वायली यांनी १९५१ मध्ये काढली आणि ती आधी विमानांवरच वापरली गेली. ब्राझीलने १९७० च्या दशकात ॲमेझॉनचं खोरं विमानातल्या रडारनेच नकाशावर आणलं, कारण तिथलं आभाळ मोकळं व्हायची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. सह्याद्रीवरचा जुलै-ऑगस्ट याहून फार वेगळा आहे असं मला वाटत नाही.

आपल्या देशाकडेही हे साधन आहे. इस्रोचा रिसॅट-१ उपग्रह २६ एप्रिल २०१२ रोजी गेला, ईओएस-०४ हा १४ फेब्रुवारी २०२२ रोजी, आणि नासाबरोबर बनवलेला निसार ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र पूर आला की रडार प्रतिमांवरून बुडालेल्या भागाचे नकाशे काढतं. नागपुरात तर राज्याचं स्वतःचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. हे नकाशे बचावकार्याला उपयोगी पडतात, ते योग्यच. पण पंचनाम्याच्या वेळी असा एखादा नकाशा कुणी चावडीवर उलगडून दाखवल्याचं आमच्या भागात मी तरी पाहिलेलं नाही.

खरं तर बाकीची तयारी महसूल खात्यानेच करून ठेवली आहे. गटांच्या हद्दी महाभूनकाशावर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन जमीन नकाशावर आहेत. कुठल्या गटात काय पेरलं याची नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणीत होते, नोंदी किती काटेकोर असतात हा वेगळा विषय. या दोन्हींवर पुराच्या दिवसाची रडार प्रतिमा ठेवली की कुठल्या गटातलं कुठलं पीक कुठल्या तारखेला पाण्याखाली होतं याची यादी तयार होते. सेंटिनलच्या प्रतिमेतला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. हिशेबाला इतकं सोयीचं माप मुद्दाम ठरवूनही मिळालं नसतं. अर्थात पाच-सहा गुंठ्यांच्या तुकड्याचा निवाडा दोन-चार ठिपक्यांवर करू नये. रडारच्या प्रतिमेत दाणेदार खरखर असते, आजूबाजूचे ठिपके मिळूनच ती वाचावी लागते.

सोयाबीनसारख्या बुटक्या पिकाचं काम त्यामानाने सरळ आहे. पाणी वर चढलं की पीक झाकलं जातं आणि रान काळं दिसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या काठाला आणि मराठवाड्यात जो पूर आला, त्यानंतर सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. एवढी रक्कम वाटायची असताना पाणी कुठे होतं हे सांगणारा तारीखवार नकाशा प्रत्येक तहसीलदाराच्या टेबलावर असायला हवा.

उसाची गोष्ट निराळी, आणि पत्र लिहिण्याचं खरं कारण तेच. पाणी शेंड्यावरून गेलं की पोंग्यात, म्हणजे शेंड्यातल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, गाळ बसतो. पाणी उतरतं, फड उभाच असतो, पानांवर मातकट रेघ तेवढी राहते. आठवड्याभराने पोंगा ओढून पाहावा, तो अलगद हातात येतो, बुडाशी काळा पडलेला आणि कुजक्या वासाचा. त्या उसाची वाढ तिथेच संपली. पण बांधावरून पाहणाऱ्याला हिरवा फड दिसतो आणि मदतीसाठी लागणारी ३३ टक्के नुकसानीची अट पूर्ण होते की नाही यावर हुज्जत सुरू होते. शेंडा बुडाला होता का आणि किती दिवस, हा यातला कळीचा प्रश्न. शेंडाही बुडाला असेल तर रडारला तिथे उघडं पाणी दिसतं, म्हणजे काळं. लागोपाठच्या दोन प्रतिमांत रान काळं असेल तर शेतकऱ्याच्या म्हणण्याला तोलाचा साक्षीदार मिळतो.

आता याची दुसरी बाजू, जी कुणी अधिकारी आपल्याला घाईत सांगणार नाही. पाणी कमरेइतकं आहे आणि वर दाट पाला आहे, अशा फडात सेंटिनल किंवा ईओएस-०४ ची साडेपाच सेंटिमीटरच्या आसपासची, सी-बँड म्हणतात ती लहर पाल्यातच अडकते. खालचं पाणी तिला कळत नाही. प्रतिमेत ते रान कोरड्या रानासारखंच दिसतं. काही वेळा तर उलटंच होतं, लहर पाण्यावरून उसळून कांड्यांवर आपटते, तिथून परत फिरते आणि बुडालेला फड कोरड्या फडापेक्षा उजळ दिसतो. म्हणजे ‘काळं तेवढंच पाणी’ असा नियम करून संगणकाला काम सोपवलं, तर उसाच्या पट्ट्यात नेमके बुडालेलेच फड यादीतून गळतील. उलट बाजूलाही चूक होते. पन्हाळा, राधानगरीकडे रोपलागणीनंतर भातखाचरांत पाणी मुद्दाम साठवलेलं असतं, ते पूर म्हणून मोजलं जाऊ शकतं. म्हणून पुराआधीची प्रतिमा शेजारी ठेवल्याशिवाय पुराची प्रतिमा वाचू नये.

इथे निसारचं महत्त्व आहे. त्याची एल-बँड म्हणजे लांब लहर सुमारे २४ सेंटिमीटरची, ती पाल्यातून बरीच खाली जाते आणि पाणी व कांड्या यांच्यातली ती उसळी तिला जास्त स्पष्ट कळते. त्याच्यावर इस्रोचं एस-बँड, म्हणजे या दोन्हींच्या मधल्या लांबीच्या लहरीचं रडारही आहे. बारा मीटर व्यासाची जाळीदार तबकडी उघडून तो एका फेरीत २४० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहतो आणि दर १२ दिवसांनी त्याच वाटेवर परत येतो. प्रतिमा सर्वांना खुल्या ठेवण्याचं धोरण आहे. उसाच्या पुराला इतकं जुळणारं साधन आपल्या हाती प्रथमच आलंय.

पण १२ दिवस म्हणजे १२ दिवस. चढती (उत्तरेकडे जाणारी) आणि उतरती (दक्षिणेकडे जाणारी) अशा दोन्ही फेऱ्या धरल्या तरी पूर चढून उतरूनही जाईल आणि उपग्रह नंतर येईल, असं होणारच. यावर दोन उपाय आहेत. मिळतील तेवढ्या सगळ्या रडार उपग्रहांच्या फेऱ्या एकत्र वाचायच्या, आणि पूर शिगेला असताना विमान उडवायचं. इस्रोच्या अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने विमानावर बसवायचं सी-बँड रडार आपत्तीच्या कामासाठीच बनवलं होतं. निसारच्या तयारीसाठी एल आणि एस बँडचं रडारही विमानावरून उडवून झालंय. म्हणजे तंत्र घरचं आहे. विमान कुणाच्या पत्राने, किती तासांत आणि कुठल्या विमानतळावरून उडायचं हे मात्र पूर आल्यावर ठरवायला बसलात तर ते उडणार नाही. हा करार पावसाळ्याआधी व्हायला हवा.

माझी मागणी शासन निर्णयाच्या भाषेत सांगायची तर अशी आहे. ज्या गावात पूर आला त्या गावाचा रडार नकाशा, उपग्रहाचं नाव, तारीख आणि वेळ छापून, पंचनामा सुरू होण्याआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. त्यात ज्यांचं रान पाण्याखाली दिसतं त्यांना पाणी शिरल्याचा वेगळा पुरावा मागू नये. आणि ज्यांचं रान त्यात दिसत नाही त्यांना केवळ त्या कारणाने वगळू नये, तिथे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी फडात शिरून पोंगा ओढून पाहावा. या शेवटच्या अटीवाचून आधीच्या दोन कृपया लागू करू नका. अर्धवट वापरलेलं रडार आमच्यासारख्यांच्या विरोधात जाईल, त्यापेक्षा बांधावरचा पंचनामा बरा. नागपूरच्या केंद्राला जून ते ऑक्टोबर या काळासाठी माणसं द्या, ज्यांचं काम फक्त पूर वाचणं असेल.

खर्च आणि शंका दोन्ही कमी ठेवायच्या असतील तर सुरुवात जुन्या पुरांपासून करा. २०१९ आणि २०२१ च्या प्रतिमा उपलब्ध आहेत आणि त्या वर्षांचे पंचनामे तहसील कार्यालयांत आहेत. शिरोळ तालुका घ्या, गटवार ताडून पाहा, नकाशा कुठे चुकला आणि पंचनामा कुठे चुकला ते गावनिहाय जाहीर करा. उन्हाळ्यातच हे काम झालं तर शासन निर्णय १ जूनच्या आत निघू शकेल.

कळावे,
आपला,
शिरोळ तालुक्यातील एक ऊस उत्पादक