वॉकर मिळाला, पण उंची कोण लावून देणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या पात्र वृद्धांच्या खात्यात एकदा 3000 रुपये येतात. त्यातून काठी, वॉकर, कमोड खुर्ची असं काहीबाही घ्यायचं. योजनेबद्दल तक्रार नाही, पण वॉकर घरात आल्यावर पुढे काय होतं ते लिहावंसं वाटलं.

माझ्या आईला चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. वॉकर आणला त्या दिवशी तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि सूप घेऊन निघाल्यासारखी, चारही पाय अधांतरी, पडवीभर फिरून आली. दुसऱ्या दिवशी विचारते, "हे कुणाचं इथे आणून ठेवलंय?" पुढे महिनाभर त्यावर तिचीच लुगडी वाळत होती. मुंबईहून आलेला भाऊ दर पाच मिनिटांनी ओरडायचा, "आई, वॉकर धर!" आणि ती आणखी बिथरायची.

शेवटी तिला एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्यांनी आधी आम्हाला झापलं. या आजारात नवीन शिकलेलं टिकत नाही, हातापायांना लागलेली जुनी सवय मात्र बरीच टिकते. म्हणून असं साधन पाय डळमळायला लागले की लगेच आणावं, पडझड झाल्यावर नव्हे. उंची तर आम्ही बघितलीच नव्हती. सरळ उभं राहून हात सैल सोडले की वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. आमच्या वॉकरची मूठ चांगली चार बोटं वर होती. मग मुठींना लाल पट्टी गुंडाळली, कारण करड्या भिंतीपुढे करडा वॉकर तिला दिसतच नसावा. दाराआड ठेवला तर तो तिच्या लेखी नाहीच, म्हणून आता पलंगाला लागूनच असतो. उठताना वॉकर ओढून उठायचं नाही, खुर्चीच्या हातांवर जोर द्यायचा. तेही तिला सांगून होत नाही, समोर उभं राहून तिचे हात तिथे नेऊन ठेवायचे आणि एवढंच म्हणायचं, "ऊठ हां आता."

न्हाणीघराच्या दारात ती अडायची, वहाळ ओलांडावा तसा पाय उचलायची. आम्हाला वाटे हट्ट. तिथे काळं पायपुसणं होतं. अशा माणसाला जमिनीवरचा गडद तुकडा खड्डा वाटू शकतो, हे कळलं तेव्हा ते उचललं. अडणं त्या दिवसापासून बंद.

चाकाच्या खुर्चीचा धडा गणपतीत मिळाला. घर पाहुण्यांनी भरलेलं, आरती सुरू झाली, आई उठली ती थेट पावठ्यांवर, म्हणजे खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्ट्यांवर, उभी राहून. खुर्ची पुढे कलंडली. कोपर खरचटलं, त्यावर निभावलं. आता आधी ब्रेक, मग पावठ्या वर, मगच आई, हे घरातल्या पोरांनाही पाठ आहे.

हे सगळं दोन तासांत शिकवण्यासारखं आहे. पण आमच्याकडे घरी येऊन उंबरठा किती उंच, अंगणात चाक रुततं का, रात्री न्हाणीघराकडे जाताना दिवा आहे का, हे कुणी पाहिलं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून महिन्यातला एक दिवस फिजिओथेरपिस्टने आशाताईंबरोबर अशा घरांत फिरावं, एवढी मागणी आहे. पैशांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आणखी एक. आमचं घर पाखाडीच्या खाली आहे. रस्त्यापर्यंत जांभ्याच्या 43 पायऱ्या. तिथे वॉकर चालत नाही, चाकाची खुर्ची तर नाहीच. दवाखान्यात न्यायचं तर आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघं उचलतात, आणि पावसात शेवाळावरून त्या चौघांचेच पाय सरकतात. ग्रामपंचायतीने पायऱ्यांच्या एका अंगाला लोखंडी कठडा बसवावा. सध्या धरायला शेजाऱ्यांच्या कुंपणाची तार आहे, तीही काटेरी.

आपली,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी