क्यूबिट मोजू नका, चुका मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्वांटम संगणकाच्या बातम्या हल्ली वरचेवर येतात आणि मथळ्यात बहुतेकदा क्यूबिटचा, म्हणजे या संगणकातल्या माहितीच्या मूलभूत घटकाचा, आकडा असतो. हे यंत्र प्रत्यक्षात कितपत शक्य आहे, ते या आकड्यावरून कळत नाही. २०२३ मध्ये आयबीएमने ११२१ क्यूबिटची चिप जाहीर केली. वर्षभराने आलेली गूगलची 'विलो' चिप अवघ्या १०५ क्यूबिटची, तरी माझ्या मते तीच जास्त मोलाची.

खरी अडचण चुकांची आहे. अतिवाहक, म्हणजे विजेला रोध न करणाऱ्या धातूचे, क्यूबिट निरपेक्ष शून्याच्या जेमतेम अंशाचा शंभरावा भाग वर ठेवले, तरी त्यांची अवस्था बहुधा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतच ढळते. चांगल्या यंत्रातही हजार क्रियांमागे एखाददुसरी चूक होतेच आणि उपयोगी कामाला तर अब्जावधी क्रिया लागतात. नेहमीच्या संगणकात बिटच्या प्रती काढून चूक पकडता येते. इथे अज्ञात अवस्थेची प्रत काढायला निसर्गनियमांचीच मनाई आणि ती मोजायला जावे तर ती मोडते! १९९५ मध्ये गणितज्ञ पीटर शोर यांनी यातून वाट काढली. एका क्यूबिटची माहिती नऊ क्यूबिटमध्ये अशी गुंफायची, की ती न वाचताच चूक कुठे झाली एवढेच विचारता येते. ही कल्पना समजली तेव्हा मी थक्क झालो होतो.

मात्र मूळ चुका एका मर्यादेखाली हव्यात. नाहीतर क्यूबिट वाढवले की गोंधळच वाढतो. विलोवर क्यूबिटची जाळी तीन बाय तीनवरून पाच बाय पाच आणि मग सात बाय सात केली, तेव्हा दर पायरीला चुकांचे प्रमाण निम्म्यावर आले. कागदावरचे गणित यंत्रात उतरले, म्हणूनच 'हे कधीच होणार नाही' हे म्हणणे मला पटत नाही.

पण घाईचे दावेही पटत नाहीत. विलोतला हा संरक्षित, म्हणजे तार्किक क्यूबिट चुका तपासण्याच्या साधारण सातशे चक्रांत एकदा चुकत होता. इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणारी २०४८ बिटची आरएसए किल्ली फोडायला दोन कोटी क्यूबिट लागतील, असा अंदाज २०१९ मध्ये होता. २०२५ मध्ये गूगलचे संशोधक क्रेग गिडनी यांनी तो दहा लाखांच्या आत आणला. तरीही इतक्या क्यूबिटना तारा कशा जोडायच्या, ते सगळे थंड कसे ठेवायचे, हे प्रश्न उरतातच.

तेव्हा विनंती अशी, की यापुढे अशी बातमी छापताना तार्किक क्यूबिट किती आणि ते किती चक्रांमागे चुकतात, हे दोन आकडे बातमीदाराने कंपनीकडून मागून घ्यावेत. कंपनीने ते दिले नाहीत, तर तसेही छापावे.

– एक नियमित वाचक